मशरूमची डबी, काउंटरच्या अलीकडून

चिपळुणात माझं औषधाचं दुकान आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांबद्दल गिऱ्हाईक मला फारसं काही विचारत नाही. चिठ्ठी पुढे करतात, किती वेळा घ्यायचं ते ऐकतात आणि जातात. प्रश्न असतात ते कुरिअरने आलेल्या डब्यांबद्दल. दुकानात गर्दी नाही असं बघून पिशवीतून डबी निघते, काउंटरवर ठेवली जाते. "ताई, हे घेतलं तर चालेल का?" आधी या डब्यांमध्ये शिलाजीत असायचं, अश्वगंधा असायची. गेल्या काही वर्षांत मशरूम आलंय. रेशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स, चागा, टर्की टेल. कॅप्सूल, पावडर, कॉफीतून घ्यायची पुडी.

डबी माझ्याकडची नसते, पण प्रश्न माझ्याकडे येतो हे मला बरोबर वाटतं. त्याच माणसाची बीपीची गोळी, त्याचं रक्त पातळ करणारं औषध माझ्याकडून जातं. ही डबी त्या गोळ्यांच्या शेजारी बसणार आहे. म्हणून या विषयाचं मिळेल ते वाचत गेले, आणि वाचता वाचता त्यात मन गुंतलं.

मशरूम म्हणजे बुरशीची छत्री, आणि कोकणातल्या माणसाला बुरशीतलं औषध नवीन नाही. फणसाच्या जुन्या खोडावर लाकडासारखी कडक, तपकिरी बुरशी येते, तिला फणसोंबा म्हणतात. बाळाच्या तोंडातून फार लाळ गळायला लागली, हिरड्या दुखायला लागल्या, की आमची आजी फणसोंब्याचा तुकडा सहाणेवर पाण्यात उगाळायची आणि तो लेप बोटाने बाळाच्या हिरड्यांना लावायची. पुण्यातल्या कवकशास्त्रज्ञांनी 1993 साली लोकवैद्यकातल्या बुरशींवर लिहिताना या फणसोंब्याची नोंद केली आहे. फेलिनस नावाच्या कुळातली ही बुरशी. तिची भावंडं कोरिया आणि चीनमध्ये शतकानुशतकं औषधात वापरली गेली. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. आजीच्या सहाणेवरचा तो तुकडा एका मोठ्या, जगभर पसरलेल्या शहाणपणाचा भाग होता. पण आजीचं प्रमाण ठरलेलं होतं. चार वळसे उगाळायचं, लेप बाहेरून लावायचा, लाळ थांबली की बंद. पोटात रोज दोन वेळा, वर्षभर, असं तिने कधीच कुणाला सांगितलं नसतं.

बुरशीत औषध असतं का, या प्रश्नाचं उत्तर माझ्या दुकानाच्या फळ्यांवरच आहे. पेनिसिलिन बुरशीचं, फ्लेमिंगला ते 1928 साली दिसलं. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांची सुरुवात बुरशीपासून झाली. जपानच्या अकिरा एन्डो यांनी सत्तरच्या दशकात पेनिसिलियमच्या एका जातीतून पहिलं स्टॅटिन काढलं आणि 1987 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं लोवास्टॅटिन अ‍ॅस्परजिलसमधून आलं. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला रोज घ्यावं लागणारं सायक्लोस्पोरिन मातीतल्या एका बुरशीचं. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं फिंगोलिमॉड, 2010 साली अमेरिकेत मान्य झालेलं, ज्या रेणूवरून घडवलं तो रातकिड्यासारखा आवाज करणाऱ्या सिकाडा किड्याच्या अंगावर वाढणाऱ्या बुरशीत सापडला. बुरशीला पळता येत नाही. ओल्या मातीत, कुजक्या लाकडात जीवाणूंच्या गराड्यात तिला जगायचं असतं, म्हणून ती रसायनं तयार करते. या रसायनांच्या सामर्थ्याबद्दल मला शंका नाही, उलट आदर आहे. सामर्थ्य आहे म्हणूनच तिचं माप हवं, असं माझं म्हणणं आहे.

मशरूमच्या बाबतीत हे माप सगळ्यात गंभीरपणे घेतलं ते जपानने. तिथे गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली दाखवलं की शिताके मशरूममधून काढलेली एक बहुशर्करा, म्हणजे शर्करेची लांब साखळी, उंदरांमधल्या गाठी आटवते. तिचं नाव लेंटिनान. 1985 साली जपानमध्ये जठराच्या कर्करोगात केमोथेरपीच्या जोडीने द्यायला तिला मान्यता मिळाली. लेंटिनान दिलं जायचं ते शिरेतून. इंजेक्शन होतं ते. शिताकेची भाजी किंवा कॅप्सूल खाऊन तेच घडेल असं त्यातून निघत नाही.

दुसरं उदाहरण टर्की टेलचं. मेलेल्या लाकडावर रंगीत पट्ट्यांचे पातळ पंखे उगवतात ते. त्यापासून पीएसके नावाचं औषध जपानमध्ये 1977 साली मान्य झालं आणि पुढे हजारो रुग्णांना दिलं गेलं. 2007 साली जठराच्या कर्करोगावरच्या आठ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. रुग्ण होते 8009. सगळ्यांची शस्त्रक्रिया झालेली, सगळ्यांना केमोथेरपी. त्यातल्या ज्यांना सोबत पीएसके मिळालं त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 12 टक्क्यांनी कमी दिसला. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. ज्याच्या घरी हा आजार आहे त्याला 12 टक्के म्हणजे काय हे मी सांगायला नको. मशरूममध्ये काही नसतं असं म्हणणाऱ्या डॉक्टरांनीही हा आकडा वाचायला हवा. आणि मशरूम खा, केमो सोडा, असं सांगणाऱ्यांनी तर तो मोठ्याने वाचायला हवा, कारण त्या 8009 जणांपैकी कुणालाही केमोऐवजी पीएसके दिलेलं नव्हतं.

हे कसं होत असेल? मशरूमच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान नावाच्या शर्करेच्या लांब साखळ्या असतात. आपल्या शरीरात त्या तयार होत नाहीत. त्यामुळे आपल्या रोगप्रतिकारक पेशींसाठी बीटा-ग्लुकान दिसणं म्हणजे वाड्याच्या दिंडीवर अनोळखी माणूस उभा राहणं. त्याला ओळखण्यासाठी या पेशींच्या पृष्ठभागावर खास ग्राहक (रिसेप्टर) असतात. डेक्टिन-1 हा त्यातला सगळ्यात माहितीतला, 2001 साली त्याचं बीटा-ग्लुकानशी नातं उलगडलं. त्या ग्राहकाला साखळी चिकटली की पेशी सावध होतात, एकमेकींना निरोप पाठवतात. डबीवर 'इम्युनिटी वाढवते' असं जे छापलेलं असतं त्याच्या मागे ही खरी घटना आहे.

पण इम्युनिटी प्रत्येकाचीच वाढवायची नसते. संधिवाताभ (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), ल्यूपस, सोरायसिस, काही प्रकारचे थायरॉइडचे आजार यांत रोगप्रतिकारक पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या असतात. किडनी बदललेल्या माणसाच्या या पेशींना मुद्दाम झोपवून ठेवावं लागतं. मी ज्या हाताने सायक्लोस्पोरिन देते त्याच हाताने त्या माणसाला रेशी देऊ शकत नाही. एक बुरशी झोपवणार आणि दुसरी उठवणार. डबीवर मात्र सगळ्यांसाठी एकच ओळ असते.

रेशीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे हीच सगळ्यात आधी पोहोचली. गॅनोडर्मा हे तिचं शास्त्रीय कुळ. कोकणातल्या बागायतदाराला हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं. नारळाच्या बुंध्याशी लाखेचा लेप दिल्यासारखी चकचकीत, लालसर तपकिरी छत्री दिसली की माडाची मुळं कुजायला लागली असं समजायचं. त्या रोगाची बुरशी गॅनोडर्माच. चीनमध्ये तिच्या बहिणीला दीर्घायुष्याची वनस्पती मानलं गेलं, तिथल्या चित्रांत, कोरीव कामात ती दिसते. आपल्याकडे ती आली ओळखीच्या माणसांच्या साखळीतून. शेजारच्या वहिनी, नात्यातले काका, निवृत्त सहकारी हॉलमध्ये बैठक घेतात, कॉफी पाजतात, आणि साखर, बीपी, गुडघे, सगळ्यावर हे घ्या म्हणतात. सांगणारा माणूस बहुतेक वेळा मनापासून सांगत असतो. त्याने स्वतः पैसे घातलेले असतात.

कोक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या गोळा करून काटेकोर तपासते. 2015 साली तिने रेशी आणि हृदयविकाराच्या धोक्यावरच्या पाच चाचण्या, 398 माणसं, एकत्र पाहिली. टाइप 2 मधुमेह असलेल्यांमध्ये रेशीने साखर, बीपी किंवा कोलेस्टेरॉल सुधारतं याला आधार मिळाला नाही. कर्करोगावर आणखी पाच चाचण्या, 373 रुग्ण. तिथे निष्कर्ष असा की मुख्य उपचार म्हणून रेशी वापरावी इतका पुरावा नाही. नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून तिचा विचार होऊ शकतो. दुसऱ्या बाजूला, रेशीची पावडर घेणाऱ्या काही माणसांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. रक्त गोठण्यावरही तिचा परिणाम होऊ शकतो, म्हणून वॉरफेरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याने, आणि ऑपरेशनची तारीख ठरलेल्याने, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. मधुमेहासाठी गोळ्या बंद करून रेशी कॉफीवर राहिलेला माणूस मी पाहिलाय. त्याच्या पायाची जखम पाहिल्यापासून या विषयावर मला शांतपणे बोलणं कठीण जातं.

लायन्स मेनची गोष्ट वेगळी, आणि मला ती आशेची वाटते. पांढऱ्या शुभ्र लोंबत्या काट्यांचा गोळा असं हे मशरूम दिसतं. जपानमध्ये हिरोकाझू कावागिशी यांनी नव्वदच्या दशकात त्यातून हेरिसेनोन आणि एरिनासिन नावाचे रेणू वेगळे केले. प्रयोगशाळेत हे रेणू पेशींना चेतातंतूंच्या वाढीचं प्रथिन तयार करायला लावतात. मग 2009 साली जपानमध्येच 50 ते 80 वयाच्या, स्मरणशक्ती थोडी उतरलेल्या माणसांवर चाचणी झाली. माणसं जेमतेम 30. निम्म्यांना लायन्स मेनच्या 250 मिलिग्रॅमच्या गोळ्या, एका वेळी चार, दिवसातून तीनदा, 16 आठवडे. स्मरणशक्तीच्या चाचणीतले त्यांचे गुण सुधारले. गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत ते पुन्हा उतरले.

आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. त्यांना माणसांची नावं आठवेनाशी झाली आहेत, आणि ज्यांनी हजारो मुलांची हजेरी तोंडपाठ घेतली त्यांच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. त्यांनी लायन्स मेनची डबी आणली. मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. "सर, चाचणीतला डोस दिवसाला 3 ग्रॅम. तुमच्या डबीत 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल, रोज एक." सर गणिताचे. त्यांनी लगेच मान हलवली. मग मी त्यांना विचारलं, बी-12 तपासलंय का, थायरॉइड, कानाने नीट ऐकू येतं का, झोप कशी आहे, झोपेची गोळी चालू आहे का. शाकाहारी माणसात बी-12 कमी असणं आपल्याकडे अगदी सर्रास आढळतं आणि त्याने विसराळूपणा येतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर पक्का, स्वस्त उपाय आहे. लायन्स मेन घेऊ नका असं मी म्हणाले नाही. आधी हे, मग ते, असं म्हणाले. डबी कपाटात महिनाभर थांबली तरी खराब होत नाही. बी-12ची कमतरता मात्र वर्षभर तशीच राहिली तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं.

कॉर्डिसेप्स जिमला जाणारी मुलं मागतात. मूळची हिमालयातली कीडाजडी, पिथोरागढच्या धारचुला-मुन्स्यारीकडे मे-जूनमध्ये बर्फ वितळल्यावर गावंच्या गावं ती शोधायला कुरणांवर जातात. मातीत राहणाऱ्या अळीला बुरशी ग्रासते आणि अळीच्या डोक्यातून काडीसारखा कोंब जमिनीवर येतो. किलोला लाखांनी भाव, आणि त्यापायी इतकी ओरबाड की 2020 साली ती धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत गेली. तिची कीर्ती झाली 1993 मध्ये, चीनच्या महिला धावपटूंनी बीजिंगमध्ये विश्वविक्रम मोडले तेव्हा. प्रशिक्षकांनी श्रेय कॉर्डिसेप्सला आणि कासवाच्या रक्ताला दिलं. 2016 साली त्या धावपटूंचं एक जुनं पत्र उघड झालं; त्यात बंदी असलेली उत्तेजकं सक्तीने दिली जात होती असं लिहिलेलं होतं. त्या मुलींचं फार वाईट वाटतं मला. डबीत येतं ते बहुधा कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस, म्हणजे दुसरीच जात, प्रयोगशाळेत बरण्यांमध्ये धान्यावर वाढवलेलं, केशरी रंगाचं. ते हिमालयाला न ओरबाडता मिळतं, ही चांगली गोष्ट. पण कीडाजडीच्या फोटोखाली ते विकणं चूक आहे.

चागाबद्दल एकच सांगते. थंड प्रदेशात बर्च झाडावर येणारी ही काळी गाठ ऑक्झलेटने, म्हणजे ज्याचे मुतखडे होतात त्या क्षाराने, भरलेली असते. जपानमध्ये 72 वर्षांच्या एका कर्करोगग्रस्त बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागा पावडर घेतली आणि ऑक्झलेटचे खडे साचून त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस लागलं. हे प्रकरण 2014 साली प्रसिद्ध झालं. मुतखड्याचा त्रास आपल्याकडे घरोघरी आहे. ज्याला तो एकदा झालाय त्याने चागा घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते.

आता डबीच्या आत काय असतं ते. मशरूमचे दोन भाग लक्षात घ्यायचे. जमिनीवर किंवा लाकडावर दिसते ती छत्री, आणि आत पसरलेलं धाग्यांचं जाळं, म्हणजे मायसेलियम. बऱ्याच कंपन्या हे जाळं तांदूळ, ओट किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवतात आणि दाण्यांसकट वाळवून दळतात. मग कॅप्सूलमध्ये मशरूम किती आणि पीठ किती हे कोण सांगणार? लेबलवर 'पॉलिसॅकराइड 40 टक्के' असं लिहिलं तर ते खोटंही ठरत नाही, कारण पॉलिसॅकराइड म्हणजे बहुशर्करा, आणि पिष्ट हीसुद्धा बहुशर्कराच. म्हणून आकडा हवा तो बीटा-ग्लुकानचा. मायसेलियम वाईट असतं असं मात्र नाही. जपानचं पीएसके मायसेलियमपासूनच काढलं जायचं, पण ते द्रवात वाढवून, गरम पाण्यात अर्क काढून, प्रत्येक वेळी तेच निघेल अशी खात्री करून. 2017 साली अमेरिकेतल्या बाजारातून रेशीचे 19 नमुने घेऊन तपासले गेले. लेबलशी जुळणारी खरी रेशी निघाली पाचांत.

आपल्याकडे यातल्या बहुतेक डब्या औषध म्हणून विकल्याच जात नाहीत. त्या अन्नाच्या नियमांखाली येतात, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यावर. डबी फिरवून बारीक अक्षरं वाचलीत तर 'औषधी वापरासाठी नाही' या अर्थाची इंग्रजी ओळ सापडेल. ती छापणं बंधनकारक आहे. कर्करोग, मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. डबीवर कायदा पाळला जातो. तो मोडतो मोबाइलवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, कुणाचीही सही नसलेल्या व्हिडिओत. मला हव्यात त्या चार गोष्टी लेबलवर छापणं अवघड नाही: मशरूमची नेमकी जात, छत्री की मायसेलियम, बीटा-ग्लुकान किती, आणि शिसं-आर्सेनिक-कॅडमियमचा तपासणी अहवाल, कारण मशरूम जमिनीतले जड धातू शोषून घेतात. एखाद्या कंपनीने हे सगळं छापलेलं दिसलं की मी ते गिऱ्हाइकाला आवर्जून दाखवते. असं करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्या टिकाव्यात असं मला वाटतं.

या पावसाळ्यात एक काकू आल्या. काकांच्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, केमो सुरू. मुंबईच्या भाच्याने टर्की टेलच्या डब्या पाठवल्या होत्या, महिन्याला काही हजारांच्या. काकूंनी पीएसकेबद्दलही कुठेतरी वाचलं होतं. "त्यात खरंच काही आहे ना गं?" त्यांच्या डोळ्यांकडे पाहून मला 'नाही' म्हणता आलं नाही, आणि तसं म्हणणं खरंही नव्हतं. मी म्हणाले, "आहे काकू. पण जपानमध्ये दिलं ते या डबीतलं नव्हतं." मग त्यांच्या केमोच्या फाइलमध्ये, चालू औषधांच्या यादीत, मी त्या डबीचं नाव, मात्रा आणि घटक नीट लिहिले. डॉक्टरांपासून हे लपवायचं नाही, एवढं वचन घेतलं. पुष्कळ घरांत लपवतात. डॉक्टर ओरडतील म्हणून. आणि मग यकृताचे रिपोर्ट बिघडले की कारण केमोत शोधलं जातं, मात्रा कमी केली जाते, आणि खरोखर काम करणारं औषध हातचं जातं. डॉक्टरांनाही माझी हात जोडून विनंती आहे, ओरडू नका. विचारा, आणि लिहून घ्या.

काकूंच्या डॉक्टरांनी सांगितलं, केमोची सगळी सायकल्स संपेपर्यंत कॅप्सूल नको, नंतर बघू. काकू पुन्हा दुकानात आल्या तेव्हा रित्या वाटत होत्या. औषध डॉक्टर देतात, सुई नर्स टोचते. काकांसाठी आपल्या हाताने करण्यासारखं त्यांच्याकडे ती एक कॅप्सूलच होती. मी म्हटलं, बाजारातलं साधं बटण किंवा धिंगरी मशरूम आणा. त्याला ही बंदी नाही, फक्त पूर्ण शिजवा, कच्चं अजिबात नको, आणि पावसात रानातून आलेली अळंबी सध्या घरात आणू नका. मशरूममधल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या घटकाचं उन्हात ड जीवनसत्त्व होतं. काप करून, कल्ल्यांची (छत्रीखालच्या पापुद्र्यांची) बाजू वर ठेवून, दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवले तर 100 ग्रॅममध्ये 10 मायक्रोग्रॅमच्या वर मिळू शकतं. काकांचं ड जीवनसत्त्व कमी आहे, रिपोर्टमध्येच होतं. काकूंनी लगेच विचारलं की या पावसात ऊन आणायचं कुठून. मी म्हटलं, श्रावणात उघडीप मिळते तेव्हा करा, तोपर्यंत ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक, ती डॉक्टरांनी लिहिलेलीच आहे. पुडी त्या घेऊन गेल्या, आणि धिंगरी कुणाकडे ताजी मिळते तेही विचारून गेल्या.